शालू, दिवसाची लाईट आली

शालू, तुला वहिनी म्हणायची सवय मला कधी लागली नाही. आई किती वेळा रागावली. 'थोरल्या भावाची बायको हाय ती, नाव घेऊन काय हाका मारतीस?' पण देवळालीच्या शाळेत जिच्याशेजारी बसून जिची अर्धी चिंच मी उष्टी खाल्ली, ती आमच्या घरात माप ओलांडून आली म्हणून एकदम वहिनी कशी होणार? तूही मला कधी नणंदबाई म्हणाली नाहीस, माझं नाव घेऊन 'नंदे' अशीच हाक मारलीस. पाहुणे असले की आपण एकमेकींना 'अहो' म्हणायचो आणि आत जाऊन तोंडात पदर कोंबून हसायचो. आता तुझ्या फोटोला हार आहे. तुझ्या लेकीने, पूजाने, फोटोखाली तुझं पूर्ण नाव घातलं आहे, पुढे 'कैलासवासी' लावून. ते वाचलं की वाटतं, आपण भलत्याच कुणाच्या घरी येऊन बसलोय.

दादा गेला त्याबद्दल आपण दोघी कधी नीट बोललोच नाही. मला श्रीरामपूरला फोन आला तेव्हा उजाडलं होतं. त्या आठवड्यात शेतीच्या लाईटची पाळी रात्रीची होती. उसाला पाणी द्यायचं तर लाईट येईल तेव्हा जाणं भाग. दादा बॅटरी घेऊन दारं धरायला गेला, एका सरीचं पाणी तोडून दुसरीत घालायला वाकला, आणि तिथेच त्याला साप चावला. आपल्याकडे असं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. तू मात्र 'साप चावला' असंच म्हणायचीस, चार माणसांत, ठणकावून. आईला ते सहन व्हायचं नाही. एकदा ती म्हणाली, 'नाव नको घेऊ गं त्याचं.' तू म्हणालीस, 'आत्याबाई, नाव न घेता तरी कुटं सोडलं त्यानं?'

तेरावा झाला आणि पुन्हा रात्रीची पाळी आली. तू दादाचे बूट घातलेस, पायात ढिले होत होते म्हणून पुढे फडकी कोंबलीस, आणि खोरं घेऊन निघालीस. मी वाट अडवली. म्हटलं, विकून टाक हे सगळं, पूजाला घेऊन माझ्याकडे चल. तू म्हणालीस, 'ऊस वाळाया लागलाय, नंदे. त्यो काय सुतक पाळतोय व्हय?' आणि गेलीस. त्या वर्षी उसात बिबट्याची मादी पिल्लं घेऊन होती. तू मोबाईलवर मोठ्याने भजनं लावून जायचीस. भजनाची आवड म्हणून नव्हे, हे गावातल्या सगळ्यांना माहीत होतं.

पूजाला नर्सिंगला घालायला तू श्रीरामपूरला आलीस, तो दिवस मला फार आठवतो. रेल्वे फाटक पडलं होतं आणि समोरून कोळशाची मालगाडी चालली होती. तू रिक्षातून मान बाहेर काढून डबा न् डबा बघत होतीस.

'एवढा कोळसा कुटं चाललाय?'

'वीज करायला.'

'आन मग आमाला रात्रीचीच का?'

मी शाळेत विज्ञान शिकवते. शहरं, कारखाने, भार, असं काहीतरी सांगितलं. तू ऐकून घेतलंस आणि घरी आल्यावर माझ्या टेबलावरचा कॅल्क्युलेटर हातात घेऊन बसलीस. त्याच्या वरच्या अंगाला ती काळपट पट्टी असते ना, सोलरची, ती काय आहे असं विचारलंस. मी सांगितलं, हा सिलिकॉन, वाळूपासूनच करतात. ह्यावर उजेड पडला की आतले कण हलतात, त्या हलण्याचीच वीज होते. धूर नाही, फिरणारं चाक नाही, आवाज नाही. ह्यावर अंगठा ठेव. तू ठेवलास. आकडा पुसट झाला आणि गेला. अंगठा काढलास, परत आला. पूजाच्या प्रवेशाची कागदपत्रं बाजूला पडली आणि तू लहान मुलीसारखी तेवढंच करत बसलीस. कितीतरी दिवसांनी तुझ्या चेहऱ्यावर मी काही पाहिलं.

मग आपल्या विहिरीवर सोलरचा पंप आला. त्यासाठी तू कुठे कुठे खेटे घातलेस ते तुलाच माहीत. बांधाच्या कडेला निळ्या काचा उभ्या राहिल्या तेव्हा आई हात जोडून त्यांच्याकडे पाठ करून बसली. तिला वाटायचं, ह्या काचा ऊन ओढून घेतील आणि ज्वारी पिकायची नाही. तू तिला दुपारी पाटाकाठी नेलंस. पाणी वाहत होतं आणि ऊन जसंच्या तसं डोक्यावर होतं. 'बगा, आत्याबाई, कुनाचं काय कमी झालं का?' रोज सकाळी ओल्या फडक्याने तू काचांवरची धूळ पुसायचीस. ढग आले की पंपाची धार बारीक व्हायची, मग तू आभाळाकडे बघून बोलायचीस, रागाने नव्हे, घरातल्या माणसाशी बोलावं तसं. दादाचे बूट तू धुऊन, वाळवून माळ्यावर टाकलेस.

तेव्हा मी तुला म्हटलं, आता बस झालं, तुझं भागलं. आपल्यातलं खरं भांडण तिथून सुरू झालं.

'माझं भागलं गं. पन माझ्या बांधाच्या पल्याड रात्री बॅटऱ्या फिरत्यात. म्या अंथरुणात पडून बगती. येखादी बॅटरी मधीच दिसंनाशी झाली की काळीज तोंडाला येतं. ती परत दिसूस्तर डोळा लागत न्हाई.'

तू पंचायतीची सदस्य झालीस ती एवढ्यासाठीच. गायरानावर सोलरचा मोठा प्रकल्प उभा करायचा, त्याची वीज गावच्याच उपकेंद्रात घालायची, म्हणजे सगळ्या शेतीला दिवसा लाईट. कागदावर ते सरळ होतं. पण गायरान म्हणजे मोकळी जागा, असं फक्त कागदाला वाटतं. तिथे भीमनगरातल्या भागूबाईच्या शेळ्या चरायच्या, तिच्या सासूच्याही तिथेच चरल्या होत्या. ग्रामसभेत ती उभी राहिली. मी सुट्टीला आले होते, मागे बायकांत बसले होते.

'तुमची वावरं तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या आन आमचं गायरान काचंखाली घाला. लई हुशार हाय गाव.'

कोणी हसलं. तू त्याच्याकडे असं पाहिलंस की तो बसला. मग तू भागूबाईला म्हणालीस, 'भागूबाई, तू म्हनतीस ते खोटं न्हाई. पन मला येक सांग. पाटलाच्या उसाला रात्री दारं कोन धरतंय? पाटील घरात झोपतोय. बिबट्याच्या पुढं तुझा लेक राहुल जातोय, मजुरीनं.'

भागूबाई खाली बसली, पण पटलं म्हणून नव्हे. पदराने तोंड पुसत म्हणाली, 'जातोय. म्हनून काय शेळ्यांनी माती खावी?' तेही तू भर सभेत कबूल केलंस. पुढे तू प्रकल्प उभारणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरच्या मागे लागलीस, की काचांखाली गवत वाढतंच, मग शेळ्या सोडू द्या. तो म्हणाला, मेंढ्या चालतील, शेळ्या काचांवर चढतात. तू भागूबाईला जाऊन तसंच सांगितलंस. ती म्हणाली, 'माज्या शेळ्या चढतीलच.' तुम्ही दोघी त्या दिवशी हसलात म्हणे. शेवटी नाल्याकडेची एक पट्टी कुंपणाबाहेर ठेवून घेतलीस. पट्टी लहान होती. भागूबाईने काही शेळ्या घोडेगावच्या बाजारात नेऊन विकल्या आणि तुझ्याशी बोलणं टाकलं.

आणि मीही टाकलं. कडुनिंबांसाठी.

आपण आठवीत होतो. गायरानाच्या दक्षिण कडेला शाळेने रोपं लावली होती. बाकीच्यांनी लावली आणि विसरली. आपण दोघींनी दोन उन्हाळे नाल्यातून कळशीने पाणी नेलं. तुझं झाड माझ्या झाडापेक्षा उंच झालं म्हणून मी रुसले होते, तर तू माझ्या झाडाला शेणखत चोरून आणून घातलंस. लग्नं झाली, दादा गेला, झाडं मोठी झाली. माहेरी आले की त्या सावलीत एकदा जाऊन बसल्याशिवाय मला आल्यासारखं वाटायचं नाही. तू एक दिवस फोनवर सांगितलंस की ती ओळ काढावी लागणार, सावली काचांवर पडते.

मी म्हटलं, शालू, हिरवी वीज म्हणता आणि हिरवी झाडं तोडता, ह्याला काय म्हणायचं?

'तूच दावलं हुतंस ना? अंगठा ठिवला की आकडा जातो. येका काचंवर सावली पडली तर तिच्यासंगं सगळी रांग मंदावती.'

'मग रांग अलीकडे घ्या.'

'घेतली. आनखी घेतली तर भागूबाईची पट्टी जाती.'

'दुसरी झाडं लावू म्हणशील. एवढी वर्षं कुठून आणशील?'

तू म्हणालीस, 'तू श्रीरामपुरात ऱ्हातीस, नंदे.' तेवढंच. मला ते फार लागलं. अजून लागतं. मला आजही वाटतं की माझंच बरोबर होतं, रस्ता काढता आला असता, ती घाई कंपनीची होती आणि तू ती आपलीशी केलीस. असं मी म्हटल्यावर तू काहीतरी सणसणीत म्हणायला हवीस ना? मी वाक्य संपवते आणि थांबते. पलीकडून काही येत नाही. शालू, भांडणात एकटं उरण्याइतकं वाईट काही नाही गं.

झाडं तोडली त्या दिवशी तुझा फोन आला. मी उचलला. तू बोलली नाहीस. मागे करवतीचा आवाज येत होता, मध्येच तो थांबायचा आणि माणसांचा ओरडा, मग काहीतरी मोठं पडल्याचा आवाज. मीही बोलले नाही. अशा आपण दोघी फोन कानाला धरून बसलो. मग तू ठेवलास.

तुझं पोट दुखत होतं ते तू कोणाला सांगितलं नाहीस. तहसील, उपकेंद्र, कंपनीचं ऑफिस, सगळीकडे पिशवीत पित्ताच्या गोळ्या घेऊन फिरलीस. पूजा सुट्टीला आली तेव्हा तिने तुझे पिवळे पडलेले डोळे पाहिले आणि त्याच दिवशी नगरला नेलं. गाठ फार पुढे गेलेली होती. मी धावत आले. आपलं बोलणं बंद होतं हे दोघींच्याही लक्षात राहिलं नाही.

दवाखान्यात तू खिडकीकडचा पलंग मागून घेतलास. समोरच्या गच्चीवर पाणी तापवायच्या सोलरच्या नळ्या होत्या, त्यांच्यावर धूळ साचली आहे म्हणून तू सिस्टरशी वाद घातलास. रोज एकच प्रश्न. 'लाईट कवा सोडनार म्हनले?' प्रकल्प उभा होता, काचा बसल्या होत्या, पण उपकेंद्राशी जोडणी राहिली होती. मी रोज खोटं सांगायचे, पुढच्या आठवड्यात. तू रोज मान हलवायचीस आणि मला कळायचं की तुला कळलंय.

एकदा तू माझं मनगट धरलंस. 'नंदे, त्या झाडांचं तुला येक सांगायचं ऱ्हायलंय.'

म्हटलं, सांग की.

तेवढ्यात तुला तपासणीला न्यायला माणूस आला. परत आलीस तेव्हा औषधाच्या गुंगीत होतीस. मी विचारलं नाही. वाटलं, घरी गेल्यावर निवांत सांगशील. घरी आलीस तेव्हा तुला इतकं दुखत होतं की पाणी मागणंसुद्धा तुला मोठं काम झालं होतं. काय सांगायचं होतं गं? तुलाही रडू आलं होतं, हे? की मी चुकत होते, हे? मी प्रत्येक उत्तर तुझ्या आवाजात म्हणून बघते. एकही तुझं वाटत नाही.

तू गेलीस तेव्हा दुपार होती. गावात लाईट नव्हती, पंखा बंद होता. मी पुठ्ठ्याने वारा घालत होते. पूजा तुझी नाडी धरून बसली होती, तिने हात सोडला नाही, फक्त माझ्याकडे पाहिलं. मी तरी वारा घालतच राहिले. आईने येऊन माझ्या हातातून पुठ्ठा काढून घेतला.

भागूबाई आली होती. दारातच बसली आणि छाती बडवून रडली, 'माझं गायरान खाल्लं ह्या बाईनं! आन आता माझ्याशी भांडायची बी न्हाई!' लोकांना ते विचित्र वाटलं. मला मात्र वाटलं, ह्या गर्दीत माझ्यासारखी एकटी तीच आहे.

आणि आता दशक्रियेचं सांगते. प्रवरेच्या घाटावर मांडव भरला होता. पूजाने पिंड ठेवले, पुरुषाने ठेवायचे म्हणून कोणी कुरकुरलं नाही, तुझी मुलगी म्हटल्यावर कोण कुरकुरणार? महाराजांचं प्रवचन सुरू झालं होतं, बाईच्या कुडीचं आणि जुन्या वस्त्राचं. ऊन चांगलं वर आलं होतं. अचानक नदीकाठची एक मोटर सुरू झाली. मग तिच्या पलीकडची. मग लांब कुठेतरी तिसरी, आणि मग सगळीकडून, जणू शिवारच घुमायला लागलं. लोकांनी मोटरी ऑटोवर टाकून ठेवलेल्या असतात ना, लाईट आली की आपोआप चालू होतात. त्या आठवड्यात पाळी रात्रीची होती. दिवसा लाईट यायचं काही कारणच नव्हतं.

महाराज थांबले. कोणाचा तरी मोबाईल वाजला, आणि तो माणूस मांडवात उभा राहूनच मोठ्याने म्हणाला, 'जोडली! गायरानाची लाईन जोडली!'

मग एकेक जण उठायला लागला. पाणी सुटलं होतं, सऱ्या फुटून बांध वाहून गेले असते, धावणं भाग होतं. तरी प्रत्येक जण आधी पूजापुढे येऊन हात जोडत होता आणि मग चपला हातात घेऊन पळत होता. मला क्षणभर फार राग आला. वाटलं, हिच्यासाठी तुम्हाला एक तास बसवत नाही? आणि लगेच वाटलं, हिच्यासाठीच तर चाललेत. मला हसू आलं आणि बघता बघता त्याचं रडू झालं. पूजाने मला धरलं. मांडवात बायका उरल्या आणि महाराज. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, पोथी मिटली आणि म्हणाले, 'आपण थोडं शांत बसू.' आम्ही बसलो. मोटरींचा आवाज येत राहिला. तू असतीस तर सगळ्यांत आधी तू पळाली असतीस, स्वतःच्या दशक्रियेतून.

तुझी काचांची रांग मी येताना लांबून पाहिली. कडुनिंब होते त्या बाजूला नुसतं आभाळ आहे. मी तिकडे गेले नाही. जाईन की नाही, माहीत नाही. तुला बरं वाटावं म्हणून मी आता ती जागा छान दिसते असं म्हणणार नाही.

संध्याकाळी आई ओट्यावर बसली होती. तू गेल्यापासून ती रडली नाही. कोणी समोर येऊन रडलं तर त्याला पाणी देते, चहा घ्या म्हणते, पुन्हा गप्प. डॉक्टरांना दाखवावं का असं पूजा मला विचारत होती. दिवेलागणीला भागूबाई आली आणि आईशेजारी टेकली. ह्या वेळेला ती राहुलची भाकर फडक्यात बांधत असते, तो रात्रीच्या पाण्यावर निघतो म्हणून.

आईनेच विचारलं, 'राहुल निघाला का?'

'न्हाई वो. आज दिवसाच झालं समदं. घरी हाय.' भागूबाईने आवाज उगाच खाली आणला. 'जेवला, आन तसाच भुईवर आडवा झाला. आंतरून सुदीक घेतलं न्हाई. ढाराढूर झोपलाय. उटवू का त्याला, आंतरुनावर घेऊ का, म्हनून उभी ऱ्हायले तर मलाच रडू आलं. म्हनून हिकडं आले.'

आई तिच्याकडे बघत राहिली. माझ्या आईचा मुलगा रात्रीच्या पाण्यावर गेला आणि आला नाही, त्याला किती वर्षं झाली, आणि मी तिला त्याचं नाव घेताना फारसं ऐकलेलं नाही. तिने भागूबाईचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

'झोपू दे,' ती म्हणाली. 'उठवू नको. झोपू दे त्याला.'

आणि मग, शालू, तिने तुझं नाव घेऊन गळा काढला.